शेंदराखालचा हुक

या मित्रांनो, या. असे दारापाशी का घुटमळताय? पुढे सरका, मागून येणाऱ्यांना जागा होऊ द्या. ज्यांच्या हातात मोबाइल असेल त्यांनी तो घटकाभर पालथा ठेवा. मी आज तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. तिच्यात समुद्र आहे, जहाज आहे, दसऱ्याचा नारळ आहे आणि एका म्हाताऱ्या माणसाचा जीव आहे. गोष्ट खरं तर माझीच आहे, त्यामुळे ती सांगायला दुसरा कोणी मिळणार नाही.

मी एक जुना हुक आहे. शर्ट अडकवायचा नव्हे. जहाजावरच्या क्रेनच्या दोराला खाली वाकड्या बोटासारखा जो पोलादी भाग लटकतो, ज्यात मालाची जाळी अडकवतात, तो मी. माझं स्वतःचं वजन आठ किलो, म्हणजे एखाद्या गुटगुटीत बाळाएवढं. पण उचलायचो मी पाच टन. मोठ्यातला मोठा हत्ती डोळ्यांसमोर आणा, तेवढं.

माझा जन्म फरीदाबादचा. हसा, हसा. मुंबईचा समुद्र तिथून चौदाशे किलोमीटरवर, आणि जहाजाचा हुक म्हणे फरीदाबादचा. पण जहाजांचं पुष्कळसं सामान अशाच गावांत जन्माला येतं, जिथल्या लोकांनी लाट फक्त टीव्हीवर पाहिलेली असते. आमच्या कारखान्याचे मालक नरसिंहराव हे तरुणपणी नोकरीसाठी साताऱ्याहून इकडे आले आणि इथलेच झाले. बाहेर हिंदी बोलायचे, घरी मराठी, आणि देवाशी कीर्तनातलं मराठी. रविवारी कितीही काम असो, आर. के. पुरमच्या महाराष्ट्र मंडळात कीर्तन असलं की ते स्कूटर काढून निघायचे. सोमवारी सकाळी भट्टीपाशी उभं राहून बुवांनी काल काय आख्यान लावलं ते सगळ्या कामगारांना हिंदीतून सांगायचे. कामगार बिहारचे, अलीगढचे, पलवलचे. पण कथा ऐकताना सगळ्यांच्या माना सारख्याच डोलायच्या. श्रोत्यांना आधी जवळ बोलवावं आणि मग गोष्ट लावावी, हे मी तिथेच शिकलो.

पोलादाची एक कांब भट्टीत घालून केशरी होईपर्यंत तापवली, घणाखाली ठोकली, वाकवली, थंड केली, पुन्हा तापवली, पुन्हा थंड केली. असा मी झालो. पण झालो म्हणजे लगेच कामाला लागलो असं नाही. आमच्या धंद्यात एक कडक नियम आहे. ज्याला पाच टन उचलायचे असतील, त्याने आधी दहा टन सोसून दाखवायचे. मला त्या ताण देणाऱ्या यंत्रात अडकवलं आणि हळूहळू ओढायला सुरुवात केली. सहा टन. आठ टन. दहा. मित्रांनो, त्या वेळी माझ्या अंगातला कण न् कण जागा झाला होता. नरसिंहराव स्वतः यंत्राशेजारी उभे होते. यंत्र थांबलं, मला खाली काढलं, भिंग लावून माझं अंगप्रत्यंग तपासलं. कुठे चीर नाही, कुठे वाकलेलं नाही. मग माझ्या अंगावर ठोकलं, पाच टन, आणि खाली माझा नंबर, चारशे सतरा. एक दाखला लिहिला गेला. त्यावर सही करताना नरसिंहराव म्हणाले, "जा बाबा. सासरी नाव काढ."

तसा मी 'चंद्रलेखा' नावाच्या मालवाहू जहाजावर गेलो आणि अठरा वर्षं तिथे राहिलो.

काय काय उचललं म्हणून सांगू. तांदळाची पोती, शाळेचे बाक, पाण्याचे पंप, एकदा तर एका सर्कशीचा पाळणा. एका बेटावर वादळ होऊन गेलं होतं, तिथे औषधांच्या पेट्या मी उतरवल्या. धक्क्यावर उभ्या असलेल्या बायकांनी वर माझ्याकडे बघून हात जोडले होते. मला वाटलं, आपला जन्म सार्थकी लागला.

जहाजावर खलाशांच्या मुकादमाला सारंग म्हणतात. आमचे सारंग होते शशिकांत, श्रीवर्धनचे. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी ते मला खाली घ्यायचे आणि अंगठा माझ्या आतल्या वळणावरून सावकाश फिरवायचे. "काय रे, बरा आहेस ना?" असं विचारायचे, जसं काही मी म्हणणार होतो, जरा कणकण आहे. वर्षातून एकदा बाहेरचा जाणता तपासनीस यायचा. तो प्रत्येक हुक, प्रत्येक साखळी, प्रत्येक कडी हातात घेऊन बघायचा, मापं काढायचा आणि वहीत नोंद करायचा. दर पाच वर्षांनी सबंध क्रेनलाच जास्तीचं वजन लावून तिची परीक्षा व्हायची. नवीन खलाशी कुरकुरायचे, "रोज रोज काय बघायचं त्यात?" सारंग म्हणायचे, "रोज जेवतोस ना? तसंच हे."

शेवटच्या वर्षी मात्र एक वाईट दिवस आला. एका बंदरात जहाज सुटायची घाई होती. मालाची एक पेटी जहाजाच्या पोटातल्या खणाच्या कोपऱ्यात अडकली होती. सरळ वर उचलायची, तर क्रेन चालवणाऱ्याने ती तिरकी ओढली. हुकाला सरळ ओझं पेलवतं, मित्रांनो. तिरकी ओढ त्याला सोसत नाही. माझ्या पोटात, आतल्या वळणावर, काहीतरी केसाएवढं सरकलं. सारंगांनी दुसऱ्या दिवशी अंगठा फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण त्यांनी मला बाजूला काढून ठेवलं आणि त्या दिवसानंतर कामाला लावलं नाही.

काही आठवड्यांत 'चंद्रलेखा'च थकली आणि तिला मोडीत काढायचं ठरलं. सारंगांनी माझ्यावरचा नंबर बघून दाखला शोधला, दाखल्यावरून कारखाना शोधला आणि नरसिंहरावांना फोन लावला. "तुमचं लेकरू परत पाठवतोय," ते म्हणाले. "अठरा वर्षं केली याने. आता मान द्या, काम देऊ नका."

मला आणायला नरसिंहराव पार्सलच्या ऑफिसात स्वतः गेले. घरी नेलं नाही, थेट कारखान्यात आणलं. ताण देणाऱ्या यंत्राच्या वर एक फळी ठोकून घेतली, तिच्यावर मला ठेवलं, हार घातला. कामगारांना म्हणाले, "अठारह साल समुद्र में रहा है. किसी का बाल बाँका नहीं होने दिया." आणि खंडेनवमीला, हत्यारांची पूजा असते त्या दिवशी, तेलात कालवलेला शेंदूर त्यांनी माझ्या अंगाला लावला.

मी सुखावलो. का नाही सुखावणार? तुम्ही घाम गाळत आयुष्य काढावं आणि शेवटी कुणी गळ्यात हार घालावा, याहून मोठं काय असतं? पुढच्या खंडेनवमीला आणखी एक लेप चढला. दगडाला शेंदूर लागला की त्याचा देव होतो, मग माझा का होऊ नये? येणारे जाणारे मला नमस्कार करू लागले. गोष्ट इथवर ठीक होती.

तिसऱ्या वर्षी कारखान्याचे व्यवस्थापक राजाभाऊ म्हणाले, "साहेब, दसऱ्याला वर्षाची पहिली उचल करतो आपण. ती मानाच्या हुकानेच करू की. शुभ होईल." नरसिंहरावांना ते पटलं. दसऱ्याला सकाळी मला फळीवरून उतरवून कारखान्याच्या क्रेनला अडकवलं. अर्ध्या टनाचं वजन उचललं. वजन हातभर वर गेलं की नरसिंहरावांनी वाकून त्याच्या खाली नारळ ठेवायचा, आणि वजन खाली आणून त्याने तो फोडायचा, अशी ती टूम निघाली. फट्‌कन नारळ फुटला, पाणी उडालं, टाळ्या झाल्या. एका वर्षात ती प्रथा झाली. चौथ्या वर्षी एक टन.

त्या एका टनाला माझ्या पोटातली ती केसाएवढी जागा पुन्हा सरकली. मी ओरडलो असतो. पण हुकाला ओरडता येत नाही. मला एवढंच कळत होतं, की माझ्याखाली ते वाकतात. ज्याने मला घडवलं, तो माणूस, हातात नारळ घेऊन. आणि माझ्या अंगावर शेंदराचे चार लेप होते. त्यांच्या आड काय आहे ते कुणाला दिसणार?

त्या दसऱ्यानंतर कारखान्यात गिरिजा आली. नरसिंहरावांच्या जुन्या शेजाऱ्यांची मुलगी. इंजिनिअर झालेली, वय सव्वीस. चाचणी विभाग तिच्या हातात होता. रोज मेट्रोने यायची आणि आल्या आल्या पहिला चहा यंत्रापाशी उभ्याउभ्याच प्यायची. दिल्लीत वाढलेली, त्यामुळे बोलण्यात अर्धी हिंदी. राजाभाऊ तिला चिडवायचे, "तुझं मराठी म्हणजे राजमा-चावलमध्ये गोडा मसाला." ती म्हणायची, "अच्छा लागतं राजाभाऊ, खाऊन बघा."

तेव्हा कारखान्यात कामाची झुंबड होती. येत्या जानेवारीपासून जहाजांवरच्या क्रेन, विंच, हुक, साखळ्या या सगळ्यांसाठी नवे आंतरराष्ट्रीय नियम लागू व्हायचे होते. मुंबईहून, कांडल्याहून ट्रक भरभरून सामान परीक्षेला येत होतं. गिरिजाने ठरवलं, दुसऱ्यांचं तपासतो तर आधी आपलं घर बघू. तिने राजाभाऊंकडून कारखान्यातल्या उचलायच्या वस्तूंची यादी घेतली आणि एकेक वस्तू मोजत फिरली. यादीत त्रेसष्ट वस्तू होत्या. मोजल्यावर चौसष्ट भरल्या.

खंडेनवमीची दुपार. माझ्या अंगावर पाचवा लेप ओला होता. ती फळीखाली उभी राहून माझ्याकडे बघत होती.

"राजाभाऊ, हा लिस्टमध्ये का नाही?"

"तो लिस्टमध्ये यायचा नाही. तो देव आहे."

"मग देव उद्या काय करणार?"

"चार टन उचलणार. यंदा जोरात आहे आपलं काम, म्हणून साहेबांनी मोठं वजन सांगितलंय."

गिरिजाने हातातला पेन खिशात ठेवला. "चार टन. आणि याला शेवटचं कधी बघितलं कुणी?"

"रोज बघतो आम्ही. रोज नमस्कार करतो."

"राजाभाऊ, मी मस्करी नाही करत."

"मीही नाही करत," राजाभाऊ म्हणाले. "हे बघ, सण होऊ दे. परवा काय तपासायचं ते तपास. साहेबांच्या मनाला लागेल असं आजउद्या काही काढू नकोस. सत्तर वर्षांचा माणूस आहे."

गिरिजाने यादी पिशवीत टाकली. मेट्रोची वेळ झाली तशी गेली. मी फळीवर बसून होतो. मित्रांनो, मी एरवी देवाकडे काही मागितलं नाही, कारण लोक माझ्याकडेच मागत होते आणि मला त्याची लाज वाटायची. त्या दिवशी मागितलं. म्हटलं, या मुलीला उद्या थोडं धाडस दे.

दसऱ्याची सकाळ. दिल्लीकडे आपटा मिळत नाही म्हणून कचनारची पानं आणली होती. यंत्रांना झेंडूच्या माळा. नरसिंहराव पांढऱ्या झब्ब्यात, कपाळाला गंध, ओठांत कालच्या कीर्तनाचं काहीतरी गुणगुणत. मला क्रेनला अडकवलं. खाली चार टनांचं चौकोनी वजन, त्याला साखळ्या लावल्या. क्रेनचं बटण नीरजच्या हातात. नीरज आमचा क्रेन चालवणारा, होडलचा, हाताने फार हलका. नरसिंहरावांनी शेंडीचा नारळ उचलला आणि वजनापाशी येऊन उभे राहिले.

"चलो नीरज."

साखळ्या ताणल्या. वजन अजून जमिनीवरच होतं, पण ओझं माझ्यापर्यंत पोहोचायला लागलं. ती जागा उघडायला लागली. आणि त्याच क्षणी गिरिजाने पुढे होऊन क्रेन थांबवायचं लाल बटण दाबलं.

"नीरज भैया, नीचे लो. ढीला करो."

"मैडम, मुहूर्त निकल जाएगा."

"निकलने दो."

साखळ्या सैल पडल्या. नरसिंहराव तिच्याकडे वळले. रागावलेले नव्हते, पण चेहरा पडला होता.

"काय झालं बेटा?"

"काका, सॉरी. हा हुक आपण टेस्ट केलेला नाही."

"कोण म्हणतं? याने दहा टन सोसलेत. मी शेजारी उभा होतो. तुझं बारसंही झालं नसेल तेव्हा."

"झालं होतं काका. मी तेव्हा नर्सरीत होते."

दोघे-तिघे हसले. नरसिंहरावही किंचित हसले, पण नारळ हातातच होता.

"तेव्हाची टेस्ट आज कशी चालेल?" ती म्हणाली. "जहाजावर याला दर वर्षी बघायचे. इथे आल्यापासून कुणीच नाही बघितलं. नुसतं रंगवलं."

"रंगवलं नाही," नरसिंहराव हळू आवाजात म्हणाले. "पूजलं."

राजाभाऊंना राहवेना. "अगं, परीक्षा माणसांची घेतात. देवाची घेतात का कुणी?"

गिरिजा खाली बघत होती. बुटाच्या टोकाने तिने जमिनीवरचं एक झेंडूचं फूल सारलं. मला वाटलं, संपलं. आता ही माफी मागेल आणि बाजूला होईल.

"काका," ती म्हणाली, "घरी आई रोज देवपूजा करते. ती गंध लावायच्या आधी काय करते? कालची फुलं काढते. ती... त्याला काय म्हणतात? मला शब्द नाही येत."

"निर्माल्य," नरसिंहराव म्हणाले.

"हां, ते. ते काढते. मग देवांना ताम्हनात घेऊन आंघोळ घालते. मग पुसते. पुसताना कान, बोटं, पाठ, सगळीकडे कापड फिरवते. आमच्या बाळकृष्णाचा हात डुगडुगतोय हे तिलाच आधी कळलं, पुसताना. आपण याला चार वर्षांत एकदाही आंघोळ नाही घातली काका. वरून नवीन चढवत गेलो फक्त."

नरसिंहराव उभेच होते. मी वरून त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गिरिजाकडे, मग हातातल्या नारळाकडे.

"राजाभाऊ, धर हा," ते म्हणाले. "आणि एक परात आण. थिनर आण, कापड आण. नीरज, उतारो इसे."

"मी करते काका," गिरिजा म्हणाली.

"नाही. लेप मी लावलेत."

त्यांनी झब्ब्याच्या बाह्या वर सारल्या, खाली बसले, मला परातीत घेतलं आणि घासायला लागले. पाचवा लेप गेला, चौथा गेला. परातीत केशरी पाणी साचलं. गिरिजा शेजारी बसून सांगत होती, "अजून काका. आतल्या बाजूला. वळणात." ते ब्रशने, मग बोटाच्या नखाने, मग कापडाच्या टोकाने. शेवटी माझं मूळचं राखाडी अंग दिसलं. चार वर्षांनी मला वारा लागला.

मग गिरिजाने एक लाल द्रव माझ्या अंगावर फवारला. तो द्रव अगदी बारीक चिरेतही शिरतो. दहा मिनिटं थांबायचं, वरचं सगळं पुसून काढायचं आणि मग पांढरी पूड फवारायची. चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो.

ती दहा मिनिटं फार लांब होती. नरसिंहराव मांडी घालून बसले होते, हात केशरी, डोळे मिटलेले. नीरज एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. मला स्वतःला काय हवं होतं सांगू? देवपण हवं होतं का? हो, थोडं हवं होतं. खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त, तो म्हातारा माझ्याखाली वाकू नये असं वाटत होतं.

तिने पुसलं. पांढरं फवारलं. आणि माझ्या आतल्या वळणावर एक बारीक लाल रेघ उठली.

"शेंदराचाच लाल असेल तो," राजाभाऊ म्हणाले. "वळणात राहिला असेल."

"असू शकतो," गिरिजा म्हणाली. "म्हणून पुन्हा करू."

पुन्हा सगळं धुतलं. पुन्हा दहा मिनिटं. पुन्हा पांढरं. रेघ त्याच जागी आली, तेवढीच लांब, तशीच वाकडी. राजाभाऊंनी नारळ दाराशेजारी नेऊन ठेवला.

नरसिंहरावांनी चष्मा लावला आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"किती खोल असेल?"

"कापल्याशिवाय नाही कळणार काका."

"कापायचं कशाला? याला आता काम नको, हे मान्य. फळीवर ठेवू. नाही तर माझ्या घरी देवघरात ठेवतो."

"काका, तुम्हाला माहीत आहे याच्यात चीर आहे. मला माहीत आहे. पण पुढे? दहा वर्षांनी कुणीतरी बघेल, हुक तर चांगला दणकट दिसतोय, आणि लावेल कुठेतरी. नियम तोच आहे ना? बाद केलेल्या हुकाला असं करायचं, की पुन्हा कुणी त्याने काही उचलू शकणार नाही." मग ती म्हणाली, "तुम्हीच शिकवलंय मला. पहिल्या आठवड्यात."

नरसिंहराव उठले. कटर ठेवला होता तिथे मला स्वतः घेऊन गेले. मला शिकंज्यात धरण्याआधी त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, जिथे चारशे सतरा लिहिलं होतं तिथे. ठिणग्या उडाल्या. दुखलं का म्हणून विचाराल, तर नाही दुखलं. हलकं वाटलं.

चिरेपाशी मी दोन तुकड्यांत उघडलो. आतलं पोलाद चकचकीत होतं, पण सगळं नाही. जवळजवळ निम्मा भाग काळपट, गंजलेला होता. तिथे मी कधीचाच तुटलेला होतो.

नरसिंहराव स्टुलावर बसले. त्यांनी त्या काळ्या भागावर बोट ठेवलं.

"मी खाली वाकलो असतो," ते म्हणाले. बोट तसंच ठेवून पुढे म्हणाले, "शशिकांत फोनवर बोलला होता. मान द्या म्हणाला, ते ऐकलं. पुढचं ऐकलंच नाही मी."

गिरिजा रडायला लागली. एवढा वेळ थांबलेली, आता रडली. नरसिंहरावांनी आपले केशरी हात झब्ब्याला पुसले, सगळा झब्बा खराब केला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वेडी. मुहूर्त टळला म्हणून रडतेस का? मुहूर्त साधलास तू."

वर्षाची पहिली उचल दुसऱ्या दिवशी झाली, एकादशीला. एक नवा हुक रीतसर तपासून, दहा टन सोसून, यादीत नोंदवून लावला. गिरिजाने जमिनीवर पिवळ्या रंगाचा चौकोन आखला आणि वजन वर असेपर्यंत त्या चौकोनात कुणी पाय ठेवायचा नाही असं बजावलं. नीरजने चार टन उचलले आणि फुलासारखे खाली ठेवले. नारळ दारातल्या दगडावर फुटला. खोबरं सगळ्यांना मिळालं, राजाभाऊंना थोडं जास्तच. आणि पुढच्या खंडेनवमीपासून आधी चौसष्टच्या चौसष्ट वस्तू घासून, पुसून, तपासून घ्यायच्या आणि मगच कुंकवाचं एक बोट लावायचं, असं नरसिंहरावांनी सगळ्यांना सांगून टाकलं. एक बोट, जास्त नाही.

मी आता दोन तुकड्यांत गिरिजाच्या टेबलावर असतो. जानेवारी आला, नवे नियम लागू झाले, आणि जहाजांवर काम करायला निघालेली तरुण मुलं-मुली तिच्याकडे शिकायला येतात. ती माझे तुकडे त्यांच्या हातात देते. ती मुलं काळ्या भागावर अंगठा फिरवतात. एक मुलगी परवा म्हणाली, "मॅम, बाहेरून काहीच दिसत नाही ना?" गिरिजा म्हणाली, "नाही दिसत. म्हणून बघायचं." मित्रांनो, अठरा वर्षांत मी हजारो टन माल उचलला, पण आता हे जे चाललंय ना, त्यात मला जास्त समाधान आहे.

तुम्हीही काही गोष्टी लक्षात ठेवा. कुठेही काही उचलून चाललेलं दिसलं, रस्त्यावरची क्रेन असो की इमारतीवरची दोरी, तर तिच्याखाली उभे राहू नका. जी वस्तू रोज तुमच्यासाठी ओझं वाहते, तिला अधूनमधून पुसा, निरखा, हात लावून बघा. आणि गोष्ट ऐकून घरी जाल तेव्हा एक मागणं आहे. गिरिजाची आठवण तुम्हाला राहीलच, तिने लाल बटण दाबलं. तशी माणसं लक्षात राहतात. पण तुम्ही मोठे व्हाल, तुमचंही एखाद्या गोष्टीवर फार फार प्रेम असेल, आणि वयाने लहान असं कुणीतरी येऊन म्हणेल, जरा बघू का, मला शंका येते. त्या वेळी नरसिंहरावांना आठवा. सत्तर वर्षांचा माणूस, भर दसऱ्याला, सगळ्यांच्या देखत, झब्ब्याच्या बाह्या सारून परातीपुढे बसला आणि आपल्या हातांनी आपल्या देवाचा शेंदूर उतरवू लागला. त्यांना विसरू नका.